पणजोबांच्या कामधंद्याचा माग : पलटण, गिरणी, कारखाना आणि हळदीची पेवं

येरळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात कुणी बरी नोकरी सोडली की लगेच ऐकायला मिळतं, "हा आबांवर गेला." आबा म्हणजे माझे पणजोबा. गाव आत्ताच्या पलूस तालुक्यातलं. त्यांच्या काळी तालुका तासगाव आणि जिल्हा सातारा. जन्म १८९५ च्या आगेमागे असावा. वारले १९६१ साली, पानशेत फुटलं त्याच पावसाळ्यात. ही एक तारीख मात्र सगळ्या भावकीला पाठ.

बाकी सगळं ऐकीव. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियातल्या (म्हणजे आजच्या इराकमधल्या) कुटच्या वेढ्यात होते म्हणे. मग मुंबईत गिरणीत, मग किर्लोस्करवाडीला, मग सांगलीला हळदीच्या पेठेत. मधेच कुणीतरी रेल्वेचं नाव काढतं. एक चुलते तर छातीठोक सांगतात की आबा पंढरपूरकडून मिरजेला सतारीचे भोपळे आणून द्यायचे. यावर घरच्यांचा निकाल कायमचा लागलेला आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. मला तो निकाल पटत नाही. बायको, पोरं आणि चार एकर रान असलेला माणूस उगाच इतकी ठिकाणं बदलेल असं वाटत नाही.

घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक पदक, वर भोक असलेली पितळी चकती (तिच्यावर फक्त १४७ हा आकडा) आणि घड्यांवर फाटलेला एक मोडी कागद आहे. कुठून सुरुवात करावी? कुणी असं काम केलं असेल तर वाट दाखवा.

सह्यकडा

पदकापासून सुरू करा. एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आहे का? असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. आता दोन गोष्टी बघा: धातू कोणता आहे आणि कडेवर काय कोरलंय. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी असते. उजेड तिरपा पाडून भिंगातून वाचा. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका. अक्षरं आधीच झिजलेली असतात.

येरळाकाठ (धागाकर्ता)

घोडेस्वारच आहे. मला वाटायचं चांदी काळी पडलीय, पण कड खरवडल्यासारखी झालीय तिथे तांबूस दिसतं. कडेवर इंग्रजीत एक नंबर, मग 'कूली', मग आबांचं अर्धवट नाव आणि शेवटी 'पोर्टर कोअर' एवढं लागलं. म्हणजे हमाल? घरी अजून सांगितलेलं नाही. चुलत्यांनी गणपतीत दरवर्षी कुटची लढाई सांगितलीय हो.

सह्यकडा

सांगा की, त्यात लपवण्यासारखं काय आहे. हे पदक सैनिकांना चांदीचं मिळालं. कामगार तुकड्या आणि बिनलढाऊ माणसांसाठी तेच ब्राँझमध्ये काढलं. ब्राँझचं चांदीपेक्षा कितीतरी दुर्मीळ. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून जी माणसं भरती झाली, त्यांत साडेपाच लाखांच्या वर बिनलढाऊ होती. हमाल, भिस्ती, धोबी, खेचरवाले, रस्ते आणि रूळ टाकणारे असे सगळे. बसऱ्याच्या बंदरात बोटी रिकाम्या केल्या कुणी? पलटणीला पाव आणि दारूगोळा नदीने वर गेला तो कुणाच्या पाठीवरून?

कुटचं मात्र विसरा. वेढा डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी त्यात होत्या, त्यामुळे आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत ही गोष्ट खरीच आहे. पण मेसोपोटेमियात पोर्टर आणि लेबर कोअर उभ्या राहिल्या त्या या पराभवानंतर, पुरवठ्याची दैना लक्षात आल्यावर. आबा त्यानंतर गेले असणार. घोड्याचं मांस खायची पाळी आली वगैरे जे चुलते सांगत असतील, ते गावातल्या दुसऱ्या कुणा सैनिकाचं असेल. पारावर बसून गोष्टी अशाच एका घरातून दुसऱ्या घरात जातात.

चंदनवंदन

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. तिथे गेलात तर भरती किती खोलवर गेली होती याचा अंदाज येईल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं, पण ते फक्त मृतांचं. जिवंत परत आलेल्यांचं तिथे काही मिळायचं नाही. लाहोरला सापडलेल्या भरतीच्या नोंदवह्या मध्यंतरी गाजल्या, त्या पंजाबच्या आहेत. आपल्याकडच्यांना त्यांचा उपयोग नाही.

मोडीवेडा

मोडी कागदाचा फोटो टाका. मोबाईल वर धरून, सावली न पडता. पाठची बाजूही टाका, पुष्कळदा कामाचं तिथेच असतं.

निवृत्त_भाऊसाहेब

मी तलाठी म्हणून तासगाव, खानापूर, वाळवा या भागात नोकरी केली. तुम्हाला सांगतो, कामधंद्याचा माग काढायचा असेल तर आधी जमिनीचे कागद काढा. नोकरीचे कागद मालकाकडे राहतात आणि मालक गेला की रद्दीत जातात. जमिनीचे तसे नाहीत. माणूस बाहेर का गेला, ते फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींत, सापडतं.

क्रम असा ठेवा. आजचा गट नंबर घ्या. त्यावरून जुना सर्व्हे नंबर काढायला भूमी अभिलेख कार्यालयातून जमीन एकत्रीकरण योजनेचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा मागा. मग त्या सर्व्हे नंबरचे जुने सातबारा आणि त्यांवर वर्तुळात जे नंबर दिसतील ते सगळे फेरफार. नुसता वारसाचा फेरफार काढून परत येऊ नका. गहाण, मुदत खरेदी, तगाई (सरकारी कर्ज), सोसायटीचा बोजा, सगळं काढा. आणि त्याच फेरीत गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक. शाळेतून आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा घ्या, त्यात पालकाचा धंदा लिहिलेला असतो. हा रकाना कुणी बघत नाही.

एक लक्षात ठेवा. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा झाला. त्याला सांगली हे नाव २१ नोव्हेंबर १९६० ला मिळालं. म्हणून जुन्या कागदावर सातारा दिसलं तर गोंधळू नका आणि अर्ज दोन्हीकडे टाका.

खडूस_सांगलीकर

आता हे सगळं कुणबी दाखल्यासाठी चाललंय असं कुणीतरी म्हणायच्या आत मीच म्हणतो.

येरळाकाठ (धागाकर्ता)

नाही हो. पण २०२३ पासून त्या नोंदींसाठी कचेऱ्यांत जुनी दप्तरं उघडली, स्कॅन झाली, त्याचा मला फायदाच होणार आहे.

मोडी कागदाचे फोटो टाकलेत.

मोडीवेडा

वाचला. अक्षर कारकुनी आहे पण सराईत. शके १८४१, मार्गशीर्ष, म्हणजे १९१९ चा नोव्हेंबर-डिसेंबर. सर्व्हे नंबर दिलाय, क्षेत्र ४ एकर १२ गुंठे. ३०० रुपयांना मुदत खरेदी, मुदत पाच वर्षं. मुदतीत रक्कम दिली तर जमीन परत, नाहीतर कायम खरेदी. लिहून देणार तुमचे आबा. साक्षीदार दोन, एकाची सही आणि एकाची नांगराची निशाणी. पाठीमागे वेगळ्या शाईत रकमा आहेत: २५, ४०, १५, पुन्हा ४०. प्रत्येक रकमेपुढे 'मुंबईहून' असं लिहिलंय. शेवटच्या दोन ओळी फाटल्यात.

निवृत्त_भाऊसाहेब

हे घ्या. ज्या वर्षी लढाईवरून माणूस परत आला, त्याच सुमारास रान सावकाराकडे गेलं. १९१८ चा पाऊस गेला होता आणि वर इन्फ्लुएंझा. कोतवाल बुकात १९१८ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघाच.

येरळाकाठ (धागाकर्ता)

उशिरा लिहितोय, क्षमस्व. मे महिन्यात गावी होतो. एका कचेरीत "अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही" असं उत्तर मिळालं. दुसरीकडे "साहेब मीटिंगला" आणि "उद्या या" हे नेहमीचे यशस्वी कार्यक्रम झाले. पण कोतवाल बुक बघायला मिळालं.

१९१८ च्या ऑक्टोबरात त्या वहीच्या ओळी दाट होत जातात. आधी पानावर महिन्याचे दोन-चार मृत्यू, मग एका दिवसाचेच तितके. लिहिणाऱ्याने कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'ताप' असं नीट लिहिलंय, नंतर खाली नुसत्या खुणा ओढल्यात. त्यात आबांची आई आणि धाकटा भाऊ, आठवड्याच्या आत दोघंही. घरात कुणालाच या भावाचं नाव माहीत नव्हतं. आबा तेव्हा बसऱ्याकडे असणार. परत आले तेव्हा घरात म्हातारे वडील, नवी लग्नाची बायको आणि उधारी.

फेरफारही मिळाला, १९२० चा. मोडी कागदाशी जुळतो.

रानजाई

अंगावर काटा आला. तेव्हा देशभरात कोटीच्या वर माणसं गेली असं वाचलं होतं, पण वहीतल्या खुणा ही वेगळीच गोष्ट.

येरळाकाठ, एक सुचवते. आबांचे वडील कधी वारले ते कळलं असेल तर नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत बघा. अस्थी घेऊन गेलेल्याचं नाव, मूळ गाव आणि त्या वेळचा मुक्कामही लिहून घेतात. आडनाव आणि गाव सांगितलं की उपाध्याय कोण ते कळतं. आमच्या पणजोबांची सही तिथे मिळाली, दुसरीकडे कुठेही नव्हती.

येरळाकाठ (धागाकर्ता)

रानजाई, तुम्हाला साष्टांग दंडवत! नाशिकच्या मावसभावाला पाठवलं. १९२४ ची नोंद: मूळ गाव, तालुका तासगाव, 'हल्ली मुंबई परेल, गिरणी'. खाली आबांची सही, बाळबोध अक्षरात, एकेक अक्षर सुटं. आमचा समज होता त्यांना लिहिता येत नव्हतं.

साचेखाते

माझे वडील आणि आजोबा दोघंही गिरणीत. परेल-लालबागला घाटावरच्या माणसांच्या गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत वीस-वीस जण, पाळीने झोपायचं, ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवायला खानावळ. नवीन माणूस मुकादमाच्या ओळखीने लागायचा, म्हणजे जॉबरच्या. आधी बदली, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. बदलीवाल्याने ३०० रुपये पाच वर्षांत फेडायचे म्हणजे चेष्टा नाही. पाठीमागच्या रकमा बघा ना, एकदा ४० आणि एकदा १५.

१९२८ ला एप्रिल ते ऑक्टोबर मोठा संप झाला. सहा महिने गिरण्या बंद. त्या काळात कित्येक जण गावी गेले आणि काही परतलेच नाहीत. तुमच्या आबांचं मुंबई सुटलं ते तेव्हाच असेल असा माझा अंदाज.

चकतीबद्दल: गिरणीची वाटत नाही. आमच्याकडे जुने पास आहेत ते पुठ्ठ्याचे. भोक पाडलेली पितळी चकती वर्कशॉपात असते. फाटकाजवळच्या फळीवर खिळ्यांना टांगलेली. आत जाताना काढून घ्यायची, हजेरी तीच.

बार्शी_लाईट

किंवा रेल्वेची! मिरजेला लोको शेड होती, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. हमालाचा बिल्ला मात्र नव्हे, तो दंडाला बांधायला दोन बाजूंना खाचा असलेला असतो.

येरळाकाठ (धागाकर्ता)

शाळेचा उतारा मिळाला. आजोबा १९३५ ला पहिलीत दाखल. पालकाचा धंदा: 'शेती व कारखाना'. तेव्हा आमच्या गावातून चालत जाण्यासारखा कारखाना एकच.

देवराष्ट्री

किर्लोस्करवाडीच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर हे गाव वसवलं. बेळगावची जागा गेली होती आणि औंधच्या राजांनी जमीन दिली. स्टेशनचं नावही आधी कुंडल रोड होतं. म्हणजे आबा रोज इंग्रजी मुलखातून उठून संस्थानात कामाला जात होते, कासराभर अंतरावर. लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, पुढे पंप. माळकरी शेतकऱ्याला ओतशाळेत उभं करून कारागीर केला तो या लोकांनी.

घरात धरसोड म्हणतात ना, त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांचं सांगा. साताऱ्यात शिकवण्या केल्या, 'पाटील मास्तर' म्हणून ओळखले गेले. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले, मग कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत होते. त्यातच १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. त्यांना कुणी भाराभर चिंध्या म्हणत नाही.

आणि नकाशा उघडून बघा. कूपरचा कारखाना सातारा रोड स्टेशनवर, ओगलेवाडी कराड स्टेशनवर, किर्लोस्करवाडी तिच्या स्वतःच्या स्टेशनवर, खाली मिरज. सगळं पुणे-मिरज या एकाच मीटरगेजवर. आबांसारख्या माणसाला रूळ धरून जिकडे काम निघेल तिकडे जाता येत होतं.

बार्शी_लाईट

म्हणजे माझी रेल्वे गेली म्हणायची. बरं, चकतीवर कंपनीचं नाव नाही तोवर मी हट्ट सोडणार नाही.

येरळाकाठ (धागाकर्ता)

रेल्वे पूर्ण बाद करत नाही, पण कागद नाही तोवर पेन्सिलीने लिहितो. भोपळ्यांचंही तसंच. मात्र चुलत्यांनी ते स्वतः पाहिलंय की ऐकलंय असं विचारलं तर म्हणाले, "मला का विचारतोस, आक्काला विचार."

मग आक्कांकडे गेलो. आबांची शेंडेफळ लेक, नव्वदीला टेकलीय, कान मंद पण जीभ तल्लख. पदकाचं सांगितलं तर हसली. म्हणाली, "आबा सवताच सांगायचं, म्या बंदूक न्हाई उचलली, पोती उचलली. तुमचं बापच लढाई लावून बसलं." भोपळ्यांचं म्हणाली, एकदाच, वारीहून येताना कुणाची तरी गाडी रिकामी येत होती तर भरून आणली. "एकदा आणलं तर तेचा धंदा झाला व्हय?"

आणि धरसोडीबद्दल: "कसली धरसोड? पेरणीला घरी, सुगीला घरी. मधी जिकडं पैका तिकडं. कारखान्यात सायबानं सुगीला सुट्टी न्हाई म्हटल्यावर सोडला कारखाना."

निवृत्त_भाऊसाहेब

आक्कांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा, तारीख घालून. पण एक शंका. मुदत खरेदीची मुदत १९२४-२५ ला संपली. ३०० फिटले का? नसतील तर रान कायम गेलं असणार. आज रान तुमच्याकडे आहे. मग ते परत कधी आलं? १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९४७ चा कायदा, यांच्याखाली अशी पुष्कळ रानं सुटली. १९४५ ते ५५ चे फेरफार बघा. इतर हक्कात बोजा कधी चढला, कधी उतरला तेही. आणि बारा नंबरच्या पानावर वहिवाट कुणाची आणि रीत काय लिहिलीय ते बघा. आबा बाहेर असताना रान कुणी केलं?

येरळाकाठ (धागाकर्ता)

भाऊसाहेब, तुम्ही बसल्या जागी सांगितलंत ते तिथे निघालं.

१९४९ चा फेरफार. कर्जनिवारण कायद्याखालच्या निवाड्यावरून सर्व्हे नंबर आबांच्या नावे, सावकाराची राहिलेली रक्कम वार्षिक हप्त्यांनी द्यायची, तोवर बोजा कायम. बोजा कमी केल्याचा फेरफार १९५८ चा. आता सांगली कळली. रान नावावर आलं तरी हप्ते होतेच, आणि कोरडवाहू चार एकरांत हप्ता आणि पोटं दोन्ही निघत नव्हती.

वहिवाटीच्या रकान्यात 'खुद्द'. पण १९४९ च्या फेरफाराच्या मजकुरात लिहिलंय की खातेदार नोकरीनिमित्त परगावी असल्याने वर्दी पणजीने दिली. पणजीचं नाव, पुढे 'कोम' (म्हणजे अमक्याची बायको), पुढे आबांचं नाव आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. ठसा इतका स्पष्ट आहे की मधली चीर दिसते. खुरप्याची असावी.

आक्काला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग? सगळं आईनंच केलं. औत तेवढं भावकीतलं सांगायची. तासगावला कोर्टात चालत जायची, मला संगं घिऊन." हे घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

रानजाई

कूळ कायद्याच्या दृष्टीनेही बघा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी रान कुळाच्या ताब्यात असतं तर गेलं असतं. नवरा बाहेरगावी, कर्ज डोक्यावर, आणि तिने रान बटईने दुसऱ्याला दिलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मागितलं नसेल का?

हळदीची_पेठ

सांगलीचा भाग मी सांगतो. माझे आजोबा हरिपूरला पेवांवर होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं बळद, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी की हळकुंड आत वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायचं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा माणूस मारायची. तोंड तास न् तास उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर थांबायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोघं. बाहेर आला की डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, घामाबरोबर डोळ्यांत उतरलेली हळद तर विचारू नका. हे काम बसऱ्याला पोती उचललेल्या माणसालाच जमावं. तुमचे आबा पेठेत हमाल होते की तोलार?

येरळाकाठ (धागाकर्ता)

आक्का म्हणते आधी पेवावर, नंतर वय झाल्यावर काट्यावर. म्हणजे तोलार. नाशिकच्या वहीत सही करणारा माणूस काट्याचे आकडे मांडत असेल हे आता पटतं.

तर माझं मत असं झालंय: पलटण सोडली तर आबांच्या प्रत्येक कामामागे ते ३०० रुपये आहेत. मुंबई, कारखाना, सांगली, सगळं एका सर्व्हे नंबरसाठी.

खडूस_सांगलीकर

इथे मी आडवा येणार. चांगलं संशोधन आहे, पण सगळं कर्जखाती घालू नका. बोजा १९५८ ला उतरला, आबा सांगलीहून परत कधी आले? आणि पलटणीत गेले तेव्हा कुठे कर्ज होतं?

येरळाकाठ (धागाकर्ता)

१९६० ला आले, तेही आजारपणामुळे. आक्काला हेच विचारलं. "घरात बसवायचं न्हाई तेस्नी. आई म्हणायची, आता फिटलं समदं, या की. तर म्हणायचं, दिवाळीला येतो." पलटणीबद्दल तिला ठाऊक नाही. सोबतीला गावातले आणखी दोघं होते एवढंच.

खडूस_सांगलीकर

बघा. म्हणजे 'आबांवर गेला' म्हणणाऱ्यांचंही थोडं खरं आहे.

सह्यकडा

ते दोघं कोण ते शोधा. त्यांच्या घरी पदकं असतील तर नंबर जवळजवळचे निघतील, एकाच दिवशी भरती झाले असतील तर लागोपाठचे. तुकडी नक्की व्हायला मदत होईल.

येरळाकाठ (धागाकर्ता)

एक घर सापडलंय, पदक सोनाराकडे गेलंय. दुसरं घर इचलकरंजीला आहे, फोन नंबर मिळवतोय.

पण आता मला पणजीचं माहेर हवंय. आक्काला फक्त 'माणदेशाकडचं' एवढंच आठवतं. लग्न कोतवाल बुकात नसतं. कुठे बघू?

निवृत्त_भाऊसाहेब

जमिनीच्या कागदात माहेर मिळणार नाही. तिच्या बापाच्या वारसात तिचं नाव असेल, पण बापाचं गावच माहीत नाही तर काढणार कुठून.

देवराष्ट्री

हेळवी! तुमच्या घरी हेळवी येतो का? आमच्याकडे काही वर्षांनी येतो, दारात उभा राहून वंशावळ म्हणतो, नवीन जन्मलेली पोरं वहीत घालतो, धान्य घेऊन जातो. कोणती लेक कुठे दिली, कोणती सून कुठून आणली, हे त्याच्या वहीत असतं. तुमच्या भावकीचा हेळवी ठरलेला असणार. गावात म्हाताऱ्यांना विचारा.

येरळाकाठ (धागाकर्ता)

येत होता म्हणे, माझ्या लहानपणी. आईला आठवतो. बंगल्याचं गेट बंद बघून हल्ली येत नसेल.

देवराष्ट्री

आमचा सुगी संपली की येतो, कर्नाटक हद्दीकडून. तुमच्या भावकीचं आडनाव आणि देवक मला व्यनि (खाजगी निरोप) करा. त्यांच्यात गावं वाटलेली असतात, तुमची वही कुणाकडे आहे ते तो सांगेल. पायलीभर ज्वारी आणि पान-सुपारी तयार ठेवा, आणि आक्कांना समोर बसवा.